चन्नवीरचे पाय मी धरले होते

"दाक्षायणी सिस्टर, कॅन्सर झालेल्या एवढ्याशा पोरांत तुमचं मन कसं लागतं हो?" असं कुणी विचारलं की माझं टाळकंच फिरतं. मन लागायला ती काय बाग हाय? मी तितं रागानं गेले, अन् तो राग अजून उतरला न्हाय.

चौऱ्याहत्तर साल. मी मॅट्रिक होऊन घरात बसलेली. भाऊ चन्नवीर सात वर्षांचा. ताप हटेना, पोरगं पांढरंफटक पडलं, डाव्या कुशीला पोट टणक लागायला लागलं. गल्लीतल्या बायका एका सुरात म्हणाल्या, पाणथरी, म्हंजे प्लीहा, वाढलीय, डागून आणा. वडलांचं, अप्पांचं, चाटी गल्लीत कापडाचं दुकान, चार बुकं शिकलेला माणूस, तेबी मान डोलवून मोकळे.

वळसंगच्या पुढं एका वस्तीवर धोंडप्पा नावाचा म्हातारा पाणथरी डागायचा. त्यानं विळा चुलीत तापवला. आमची आई, अव्वा, माझ्या कानाशी म्हणाली, तुझं ऐकतंय ते, तूच धर. मी चन्नवीरला सांगितलं, आजोबा नुसतं पोट दाबून बघणार हायत. अन् दोन्ही पाय धरून बसले. पहिला डाग बसला तसा तो आधी माझ्याकडं बघत राहिला. मग ओरडला. असे तीन दिले.

डाग भरेनात, रक्त थांबेना, तवा कुटं दवाखाना सुचला. तितं कळलं, रक्ताचा कॅन्सर. डॉक्टर अप्पांवर खेकसले, इतके दिवस झोपला होता काय? बरोबरच बोलले. पण त्यांच्या वॉर्डातबी तीच तऱ्हा. सुई टोचायला चौघं धरायचे अन् म्हणायचे, मुंगी चावंल बाळा. डोंबलाची मुंगी! पोरगं कुणाला अंगाला हात लावू देईना. मी जवळ गेले की भिंतीकडं तोंड करायचं. माझ्या हातचं पाणीसुद्धा घेत नव्हतं.

मग खातूनबी सिस्टरांची पाळी आली. त्यांनी चौघांनाबी बाजूला काढलं अन् खाटेवर बसून त्याला म्हणाल्या, "बेटा, दुखणार. लई न्हाय, पण दुखणार. तू म्हणशील तेव्हाच टोचते."

चन्नवीरनं बराच वेळ घेतला. मग आपणहून हात पुढं केला. मला रडू यायला पायजे होतं, आला संताप. एवढं सोपं होतं? मग आमच्यातल्या एकालाबी का सुचलं न्हाय?

त्या दिवसापासनं मी त्यांच्या मागं मागं. चादर बदलायला शिकले, मलमपट्टी शिकले. आठवड्यानं डागांवरची पट्टी काढायची होती. चन्नवीरनं मला विचारलं, "अक्का, दुखंल?"

"व्हय. चिकटलीय ती. दुखंल."

"मग तूच काढ," म्हणाला.

महिन्याभरात तो गेला. त्याला माती दिली.

मी नर्सिंगचा फॉर्म आणला तसा घरात कल्ला झाला. अव्वा म्हणाली, लोकांची घाण काढणारीला कोण सून करून घेईल? नका घेऊ म्हणावं, मी म्हणाले. लहान पोरांना हा रोग होतो तितंच मी जाणार. अप्पा मात्र हळूच म्हणाले, "तुला समदं येत असतं, तरी तो वाचला असता का?"

"न्हाय, अप्पा. गेलाच असता. पण आपण त्याला फसवून धरलं नसतं."

अप्पांनी चष्मा मागितला अन् फॉर्मवर सही केली.