स्टेअरिंग थरथरतंय का?

धाकटी म्हणजे दादाची धाकटी बहीण. पण आता आख्खा बाजारच तिला धाकटी म्हणायचा. गॅरेज तिचं, पाने-पक्कड तिचे आणि हट्टही तिचाच. एकदा म्हणाली की म्हणाली, मग देव खाली उतरला तरी ऐकायची नाही.

त्या दुपारी तिच्या टेबलावर इंजिनाच्या माउंटिंगचे दोन जोड पडले होते. माउंटिंग म्हणजे इंजिन आणि गाडीचा सांगाडा यांच्यामध्ये बसणारी रबरं. इंजिनाचा धिंगाणा तिथल्या तिथे जिरवायचा, माणसांपर्यंत येऊ द्यायचा नाही, एवढंच त्यांचं काम. दादाच्या टॅक्सीची ती फाटली होती. गिअर टाकला की पुढून ‘धाड’ व्हायचं आणि मागचं गिऱ्हाईक देवाचं नाव घ्यायचं. त्या मॉडेलचे कंपनीचे सुटे भाग कधीच बंद झाले होते, त्यामुळे बाहेरचा माल घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं. एक जोड काळ्या, मऊ रबराचा. गाडी शांत ठेवणारा, पण लवकर फाटणारा. दुसरा हिरवा आणि टणक. शर्यतीच्या गाड्यांना धाकटी तोच बसवायची. तो सहसा फाटत नाही, पण इंजिनाची सगळी गुरगुर सरळ हातात आणून देतो.

धाकटीने हिरवा बसवला. दादा रोज घाट उतरायचा. पुन्हा फाटण्याची भानगडच नको.

“थरथर वाटली तर काढू की,” ती म्हणाली. “चालवणारा स्वतःच सांगेल. हातच्या कांकणाला आरसा कशाला?”

दादा वहिनीला मागे बसवून एक चक्कर मारून आला आणि उतरायच्या आधीच खिडकीतून ओरडला, “लोणी! नुसतं लोणी!”

“स्टेअरिंग थरथरतंय का?”

“छे! हात ठेवलाय की नाही तेही कळत नाही.”

वहिनी मात्र जबडा धरून उतरली. “लोणी कसलं डोंबलाचं! मागे सीटखाली बघा जरा, माझे दोन-चार दात पडले असतील.”

“तुला मागे बसून काय कळतंय?”

“मग पुढे बसवा ना कधीतरी. लायसन माझं पाकिटात म्हातारं व्हायला आलंय.”

लग्नाआधी वहिनी वडिलांचा टेम्पो याच घाटातून पळवायची. पण एका गाडीला दोन ड्रायव्हर कशाला, हे दादाचं ठरलेलं उत्तर. सगळे हसले. धाकटी तर जास्तच हसली, कारण तिला हवं तेच दादा म्हणाला होता.

तेवढ्यात दादाला फोन आला. नेहमीचं गिऱ्हाईक असलेल्या शाळेतल्या बाई तान्ह्या बाळाला घेऊन घाटाखाली आईकडे निघाल्या होत्या. “आलोच,” म्हणून दादा गाडी चालूच ठेवून तोंडावर पाणी मारायला नळावर गेला.

आपला पाना सीटवर राहिला म्हणून धाकटी आत वाकली आणि आधाराला तिने स्टेअरिंग धरलं. तिने हात झटकन मागे घेतला. पुन्हा धरलं. बोटांपासून कोपरापर्यंत मुंग्या आल्या. हे लोणी?

आधी तिला रागच आला. लाड करायचे तरी कुठवर, याला काही सुमार? लहानपणी तिने करपवलेलं जेवणही हा मिटक्या मारत खायचा. तीच खोड अजून गेली नाही! त्याला चांगलं फैलावर घ्यायचं म्हणून ती वळली आणि तिथेच थबकली.

नळापाशी दादा दोन्ही हात पुढे करून उभा होता आणि वहिनी त्याच्या बाह्यांची बटणं लावत होती. रोजच लावायची. “लग्न जुनं झालं तरी लाड नवेच,” असं धाकटीनेच किती वेळा चिडवलं होतं. आज तिने पहिल्यांदाच दादाच्या बोटांकडे नीट पाहिलं.

तिने गाडी बंद करून किल्ली खिशात टाकली.

“दादा, इकडे ये. हात पुढे कर, डोळे मीट. कुठलं बोट धरलंय सांग.”

“आता हे काय खूळ?” दादा हसला, पण त्याने डोळे मिटले. “मधलं,” तो ठासून म्हणाला.

धाकटीचे दोन्ही हात तिच्या पाठीमागे होते.

वहिनीचं हसू तोंडातल्या तोंडात राहिलं. दादाने डोळे उघडले, बहिणीचे हात कुठे आहेत ते पाहिलं आणि मान खाली घातली.

“बोगद्याच्या कामावरचं ड्रिल,” तो म्हणाला. “आधी बोटं पांढरी पडायची. मग बधिर व्हायला लागली. डॉक्टर म्हणाले, थरथरीपासून लांब राहा.”

“ते काम धुळीमुळे सोडलं म्हणाला होतात ना?” वहिनीचा आवाज चिरकला.

“धूळ होतीच की! आणि खरं सांगून काय झालं असतं? गाडी काढून घेतली असती माझी. मग घरात बसून भिंतींशी बोलू?”

धाकटीला रडावंसं वाटत होतं आणि त्याच्या मुस्काटात मारावंसंही. ज्या थरथरीने त्याचे हात खाल्ले, तीच तिने स्वतःच्या हाताने त्याच्या पुढ्यात बसवली होती. वर पसंती कुणाला विचारली, तर त्या बधिर हातांना.

फोन पुन्हा वाजला. बाळ झोपलंय, तेवढ्यात निघू, असं बाई म्हणत होत्या.

“किल्ली दे,” दादा म्हणाला. “एवढी एक फेरी. रस्ता मला तोंडपाठ आहे.”

“रस्ता असेल. समोरून येणारा ट्रक तोंडपाठ नाही तुला.”

“धाकटे, किल्ली दे म्हणतो ना!”

“नाही देत! त्या बाईंच्या मांडीवर लेकरू असणार आहे, दादा!”

त्याने पुढे केलेला हात मागे घेतला. वहिनीने त्याच्या हातातून फोन घेतला आणि थोडा उशीर होईल म्हणून कळवलं.

धाकटीने इंजिनाखाली जॅक लावला, हिरवा जोड उपसून काढला आणि काळा बसवला. फाटला तर फाटू दे, रबर बदलता येतं. बोल्ट मात्र तिने लगेच आवळले नाहीत. घाईत आवळले तर मऊ रबरही ताणून कडक होतं. तिने जॅक काढला, गाडी चालू केली, इंजिनाला आपल्या वजनाने हवं तसं बसू दिलं आणि मगच पाना फिरवला.

दादा येऊन स्टेअरिंगवर बसला. गाडी चालू होती. धाकटीने या वेळी त्याला काहीच विचारलं नाही. त्याने दोन्ही हातांनी चाक धरलं आणि हळूच म्हणाला, “स्टेअरिंग थरथरतंय का गं?”

वहिनीने खिडकीतून हात घालून त्याच्या हाताशेजारी ठेवला. “नाही,” ती म्हणाली.

दादाने मान हलवली. आणखी थोडा वेळ तो तसाच धरून बसला.

“लायसन आणलंयस ना?” त्याने विचारलं आणि तो शेजारच्या सीटवर सरकला.

वहिनी आत बसली. तिने आरसा आपल्या उंचीला केला.

“घाटात दुसऱ्या गिअरच्या वर जायचं नाही,” तो पुटपुटला.

“तुम्ही आधी पट्टा लावा.”

त्याने पट्टा ओढला. खटका सापडेना. दोनदा चाचपडला, आणि मग कुठलीही थट्टा न करता त्याने पट्ट्याचं टोक वहिनीपुढे धरलं.