नाट्यगृहाचं मागचं दार

शहराला नवं नाट्यगृह हवं, असं नगरपालिकेला वाटलं तेव्हा जुनं पाडून झालं होतं. मग सल्लागार समिती नेमली. अकरा जण. त्यांतला रंगमंचावर कधी खिळा ठोकलेला माणूस एकच, मिस्त्री. नाटकांचे सेट बांधण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. समितीत त्यांना घेतलं, कारण यादीत ‘स्थानिक कलावंत’ हा रकाना रिकामा दिसत होता.

पहिल्याच बैठकीत त्यांनी नकाशा पाहून विचारलं, “सेट आत कुठून न्यायचा?”

आर्किटेक्टनं पेन्सिल टेकवली. मागं तीन फुटांचं दार, मग दोन वळणांचा जिना.

“हे तर न्हाणीघराचं दार झालं. आमची एकेक भिंत आठ फुटांची असते.”

“मग घडीच्या भिंती करा ना,” आर्किटेक्ट म्हणाला. पुढच्या दालनात त्यानं काचेचा धबधबा काढला होता. धबधब्यासाठी मात्र पंचवीस फूट सहज सापडले होते.

सांस्कृतिक अधिकारी साहेब समजूतदारपणे हसले. “मिस्त्री, सूचनेची नोंद घेतली आहे.”

सात बैठकांत सात वेळा नोंद घेतली गेली. चहा तेवढा वेळेवर आला.

“पालथ्या घड्यावर पाणी घालायला इस्त्रीचा सदरा कशाला लागतो?” मिस्त्रींच्या बायकोनं विचारलं.

“नाही गेलो तर म्हणतील, कलावंतांना बोलावलं होतं, तेच आले नाहीत.”

“आणि गेलात तर म्हणतील, त्यांना विचारूनच बांधलंय.”

मिस्त्रींनी सदऱ्याची बटणं लावली आणि ते निघाले.

उद्घाटनाच्या सकाळी पाहुण्यांसाठी सोफे आले. पहिलाच मागच्या दारात अडकला. ना आत, ना बाहेर. साहेब घामाघूम होऊन आले.

“मिस्त्री, काहीतरी करा.”

“नोंद घेतो,” मिस्त्री म्हणाले आणि सोफ्याच्या बाहेर राहिलेल्या अर्ध्या भागावर निवांत बसले.

नगराध्यक्ष प्लॅस्टिकच्या खुर्चीवरून उठले आणि म्हणाले, “ही वास्तू कलावंतांना विचारूनच उभारली आहे.” टाळ्या पडल्या. मिस्त्रींना त्या दिवशी पहिल्यांदाच आपल्या सदऱ्याची लाज वाटली.

त्या नाट्यगृहात नाटक काही झालं नाही. चादरींचे सेल मात्र जोरात लागतात. गठ्ठे तीन फुटांतून बरोबर जातात. मिस्त्रींनी एका बंद कारखान्याच्या मालकाला गाठलं आणि ट्रक शिरेल एवढ्या दाराची त्याची शेड मागून घेतली. नाटकवाल्या मंडळींनी स्वतः झाडलोट केली, बाकं ठोकली. दर शनिवारी संध्याकाळी खेळ लागू लागला आणि शेड भरू लागली.

वर्षभरानं नगरपालिकेच्या अहवालात त्याच शेडचा फोटो छापून आला. खाली लिहिलं होतं, ‘नगरपालिकेचा पर्यायी रंगभूमी उपक्रम.’ त्यानंतरच्या शनिवारी साहेब फोटोग्राफर घेऊन हजर झाले आणि थेट पहिल्या रांगेकडे निघाले. दारावर मिस्त्रींची बायको बसली होती.

“तिकीट?”

“अहो, मी सांस्कृतिक अधिकारी.”

“असाल. तिकिटाची रांग त्या बाजूला आहे.”

साहेबांनी रांगेकडे पाहिलं. तीस-चाळीस माणसं होती आणि त्यांना पुढं घ्यायला कुणी सरकलं नाही. ते गाडीत बसून निघून गेले. आत पडदा वेळेवर उघडला.