सुकाणूला न बांधलेलं बूच

एप्रिल उजाडला की समुद्रकाठच्या हेलेवीकमध्ये माणसांच्या अंगात येतं. खडकांच्या आडोशाला बर्फ अजून ठाण मांडून बसलेलं असतं, पण नावघरांची दारं सताड उघडी, रंगाचे डबे बाहेर, आणि जो तो शेजाऱ्याला डिवचतोय की यंदा बघ, माझी बोट तुझ्या आधी पाण्यात. सगळ्या गावात एकट्या हालवरलाच यंदा एप्रिल नको होता.

"जातोयस ना ओलाउसकडे?" त्याच्या बायकोने, मारितने विचारलं. "म्हातारा सकाळपासून तीनदा कुंपणावरून डोकावून गेलाय. आणि तोंड का असं एरंडेल प्यायल्यासारखं?"

"काही नाही गं. जातो."

काही नाही कसं? खाई त्याला खवखवे. सहा आठवडे खवखवत होतं.

झालं होतं ते असं. गेल्या ऑक्टोबरात ओलाउसची बोट दोघांनी मिळून वर ओढली. वीस फुटी लाकडी बोट, पोटात जुनं डिझेल इंजिन. म्हातारा एकोणऐंशीचा, आठवड्याने कमरेचं ऑपरेशन. म्हणून हालवर म्हणाला, "तू घरी जा. इंजिनातलं पाणी मी काढतो." असल्या इंजिनात ते गार ठेवायला समुद्राचंच पाणी खेळतं. थंडीआधी खालचं पितळी बूच काढून ते सोडून द्यायचं, आणि बूच दोरीने सुकाणूला बांधून ठेवायचं, म्हणजे वसंतात ते लावल्याशिवाय कुणी इंजिनाला हात घालत नाही. हेलेवीकमधलं शेंबडं पोरही हे जाणतं.

ओलाउसच्या नावघराच्या दाराला आतून चाळीस वर्षांच्या ओळी आहेत. दर वर्षी एक. तारीख, 'पाणी काढलं', आणि काढणाऱ्याचं नाव. हालवरने त्या दुपारी ओळ आधी लिहून टाकली. सुतारी पेन्सिल, आणि त्याचा हात असा जड की ओलाउस नेहमी म्हणायचा, "लेका, तू लिहितोस की कोरतोस?" बूच काढायला पाना हवा होता, तो घरी. तेवढ्यात शिकारीच्या टोळीचा फोन आला, हरणं खाली उतरलीत, लगेच निघ. उद्या काढू पाणी, असं म्हणून गडी गेला तो नऊ दिवसांनी आला. बूच डोक्यातून साफ गेलं.

आठवलं ते जानेवारीत, दोन आठवडे उणे अठरा राहिल्यावर. धावत नावघरात गेला. इंजिनाच्या कुशीला वीतभर चीर, आणि चिरेतून बाहेर आलेलं तांबूस बर्फ. ओतीव लोखंड. ते सांधता येत नाही, आणि तसं इंजिन आता कुणी बनवतही नाही.

तेव्हाच सांगायचं ना माणसाने! चूक कुणाच्या हातून होत नाही? पण हालवरची ख्याती अशी की हालवरने केलं म्हणजे झालंच. ती ख्याती आडवी आली. त्याने दारावरची आपली ओळ पॉलिश कागदाने घासून काढली. लाकूड तिथे पांढरं पडलं, म्हणून वर जवसाचं तेल चोळलं. चोराच्या हुशारीला तोड नसते.

मार्चमध्ये कुबड्या सुटल्यावर ओलाउसचा फोन आला. "हालवर, इंजिनाचं पाणी काढलं होतं ना रे आपण?"

आणि हालवरच्या तोंडून निघून गेलं, "तूच करणार होतास ना? तूच म्हणालास, आठवडा आहे हातात, मी बघतो."

 पलीकडून म्हातारा हळू म्हणाला, "असं म्हणालो मी? असेल बुवा."

एवढंच. पण त्या दिवसापासून ओलाउस चिठ्ठ्या लिहायला लागला. चूल बंद केली का. गोळी घेतली का. किल्ली कुठे. खिशात चिठ्ठ्या, आरशावर चिठ्ठ्या. आपण होऊन मुलीला फोन करून म्हणाला, योरुन, माझ्या डोक्याचं काही खरं नाही. योरुन शहरात नर्स, तिने पटापट हालचाल केली. वृद्धाश्रमात एक खोली रिकामी झाली होती. सोमवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. आज शनिवार होता.

"बोट पाण्यात घालू शकलो स्वतःच्या डोक्याने, तर मी घरी राहणार," असा सौदा म्हाताऱ्याने मुलीशी केला होता. इंजिनाचं तेव्हा पाहून घेऊ म्हणाला, कदाचित काढलंही असेल पाणी, आणि विसरलो असेन ते काढल्याचंच.

हालवर पोचला तेव्हा ओलाउस बोटीत गुडघ्यावर बसला होता. कमरेतून कळ मारत होती, पण तोंड हसरं.

"ये, ये, आळशी! पंख्याच्या दांड्याला वंगण झालं. डिझेलची गाळणी बदलली. पट्टा बदलला. एकही चिठ्ठी न बघता! विचार हिला."

योरुन दारात थर्मास घेऊन उभी होती. "खरं आहे," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा बापापेक्षा खुलला होता. तिला का हौस होती बापाला तिकडे धाडायची?

"आता बूच," ओलाउस म्हणाला आणि सुकाणूकडे हात नेला.

सुकाणूला काही बांधलेलं नव्हतं. म्हाताऱ्याने दोनदा चाचपलं. मग टॉर्च घेऊन इंजिनाखाली डोकं घातलं. बूच जागच्या जागी होतं, वरचा हिरवा रंगही न दुखावलेला. टॉर्च सरकत सरकत चिरेपाशी आली आणि थांबली.

 ओलाउसने हाताचं बोट त्या चिरेवरून फिरवलं, एकदा खाली, एकदा वर. मग टॉर्च विझवली.

"नाहीच काढलं मी," तो म्हणाला. "चाळीस वर्षांत एकदाही चुकलो नव्हतो. योरुन, सोमवारची वाट कशाला बघायची? आजच सांग त्यांना, येतो म्हणून."

"बाबा, इंजिनच आहे ते."

"इंजिनाचं कोण बोलतंय! हालवरशी बोललो होतो, ते शब्द मला आठवत नाहीत. एकही नाही, गं. आज बूच विसरलो, उद्या चूल विसरेन, घर पेटवेन."

हालवरला ऐकवेना. याच माणसाने त्याला नवव्या वर्षी सुकाणू धरायला शिकवलं होतं, आणि बोट खडकावर घातली तेव्हा त्याच्या बापाला सांगितलं होतं की चूक माझी.

"ओलाउस, तुला आठवत नाही, कारण तू तसं म्हणालाच नव्हतास," हालवर म्हणाला. "पाणी मी काढणार होतो. मी विसरलो. फोनवर खोटं बोललो."

म्हाताऱ्याने मान वर केली. पण योरुन झटकन मध्ये आली आणि तिने हालवरच्या दंडावर हात ठेवला.

"हालवर, पुरे. तुझा चांगुलपणा माहीत आहे मला. पण त्यांच्यासाठी असं अंगावर घेऊ नकोस. त्यांना खोटी आशा लागली तर पुढे जास्त जड जाईल."

"अगं, खरं सांगतोय मी!"

"तू आणि विसरशील?" ती कीव आल्यासारखं हसली. "सगळं हेलेवीक हसेल."

बघा म्हणजे. ज्या ख्यातीसाठी एवढं लपवलं, तीच आता खरं बोलू देईना.  त्याने ओलाउसच्या हातातली टॉर्च घेतली, दार आतून ओढून लावलं आणि शेवटच्या ओळीखाली टॉर्च तिरपी धरली.

"इथे हात लाव, ओलाउस."

म्हातारा कसाबसा बोटीतून उतरला. त्याने अंगठा तेलकट लाकडावर टेकवला आणि आंधळा माणूस चेहरा चाचपतो तसा सावकाश फिरवला. शिसं गेलं होतं, पण खाचा राहिल्या होत्या. कोरणारा हात तो! तारीख लागली. 'पाणी काढलं' लागलं. शेवटी नाव लागलं.

"हालवर," ओलाउसने वाचलं. मग पुन्हा, मोठ्याने, "हालवर! योरुन, ये इकडे, हात लाव! मी नाही! अगं, मी नव्हतो तो! डोकं ठिकाणावर आहे माझं!"

त्याने खिशातल्या चिठ्ठ्या मुठीमुठीने काढून जमिनीवर टाकल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो हसत होता, आणि त्या भरात त्याने हालवरचे दोन्ही हात धरले. "धन्यवाद, पोरा. फार उपकार केलेस."

हालवरला वाटलं, याने मुस्काटात मारली असती तर परवडलं असतं.

योरुनने अंगठा फिरवून पाहिला. तिने बापाच्या चिठ्ठ्या एकेक करून उचलल्या. हालवरकडे तिने पुन्हा पाहिलं नाही.

मग म्हाताऱ्याचं हसू ओसरलं. तो उलट्या बादलीवर बसला.

"इंजिनाचं सोड. ते माझ्याइतकंच जुनं होतं, वल्ही आहेत अजून. पण सहा आठवडे, हालवर. कुंपणावरून रोज बघत होतास मला. शर्टाला चिठ्ठ्या टाचून हिंडत होतो मी."

"हो."

"मग?"

 हालवरला लाज वाटत होती, एवढंच होतं, आणि ते म्हणायचीही लाज वाटली.

ओलाउसने फळीवरची सुतारी पेन्सिल घेऊन पुढे केली. "गेल्या वर्षाची ओळ राहिली आहे. या दाराला चाळीस वर्षांत एकही खाडा नाही. लिही. झालं तसं लिही."

हालवरने तारीख लिहायला घेतली. पण लाकूड त्यानेच तेल चोळून गुळगुळीत केलं होतं, पेन्सिल नुसती घसरत होती. काहीच उठेना.

"जोर लाव," पाठीमागून ओलाउस म्हणाला. "मला वाचता आलं पाहिजे."

'पाणी काढलं नाही. हालवर.' त्याला एकेक अक्षर तीनतीनदा गिरवावं लागलं.