बर्फात ठेवलेली गाठ

मुरुडच्या बाजारात केसरच्या मासळीला नाव होतं आणि त्याहून मोठं नाव तिच्या तोंडाला होतं. माशाचा कल्ला उघडून तो किती ताजा आहे हे ती सांगायची, आणि तिचं चुकलं असं म्हणायची कोणाची प्राज्ञा नव्हती. नवऱ्याची, हरेश्वरची, तर नव्हतीच. लग्न झाल्यापासून त्याने एकच नियम पाळला होता: केसर म्हणते ते बरोबर. त्यामुळे घरात भांडी सोडून दुसरं काही वाजत नसे.

मग हरेश्वरच्या मानेवर गाठी आल्या. संध्याकाळी ताप यायचा आणि सदरा दिवसेंदिवस ढगळ होत चालला होता. मुरुडच्या डॉक्टरांनी सांगितलं, एक गाठ काढून तपासावी लागेल. टीबी आहे की कॅन्सर, ते त्याशिवाय कळणार नाही. तुफानात होडी घालणारा हा गडी, पण डॉक्टरच्या सुरीला भ्याला. केसरने आठवडाभर त्याचं डोकं खाल्लं तेव्हा कुठे तो टेबलावर आडवा झाला. उठल्या उठल्या त्याने बजावलं, "आता पुन्हा न्हाय. मेलो तरी चालंल."

काढलेली गाठ नर्सने एका बाटलीत, पाण्यासारख्या दिसणाऱ्या औषधात घालून केसरच्या हाती दिली. ती अलिबागच्या लॅबमध्ये पोचवायची होती. लॅब बंद व्हायच्या आत पोचेल अशी एसटी निघून गेली होती, म्हणून बाटली घरी आली. बाटलीचं झाकण जरा सैल होतं. केसरने ते आवळायला हातात घेतलं आणि तिच्या नाकात वास शिरला.

हा वास ती विसरणं शक्यच नव्हतं. मागच्या वर्षी बाहेरचा एक व्यापारी सडू नये म्हणून फॉर्मलिन मारलेली मासळी घेऊन आला होता. केसरने त्याची पाटी भर रस्त्यात उपडी केली होती आणि असा तमाशा केला होता, की तो पुन्हा मुरुडात दिसला नाही. माशाला लावू नये ते विष आपल्या माणसाच्या मांसाला? नर्स नवखी दिसत होती. तिने भलतीच बाटली उचलली असणार. कोणाला विचारायची केसरला सवय नव्हती. तिने ते औषध मोरीत ओतलं, गाठ चांगली खळखळून धुतली, स्टीलच्या डबीत ठेवली आणि डबी थर्माकोलच्या पेटीत बर्फाच्या चुऱ्यात पुरली. वरून जाडं मीठ घातलं. मिठाने बर्फाचा गारठा वाढतो. मुंबईच्या गिऱ्हाइकाचं पापलेट ती असंच ठेवायची. सकाळच्या पहिल्या गाडीने ती थर्माकोलची पेटी मांडीवर घेऊन अलिबागला गेली, आणि खरं सांगायचं तर तिला स्वतःचं जरा कौतुकच वाटत होतं.

लॅबच्या डॉक्टर अमिषा तरुण होत्या. त्यांनी डबी उघडली आणि गाठीला चिमट्याने टोचून पाहिलं. गाठ दगडासारखी झाली होती.

"मावशी, यातलं औषध कुठे गेलं?"

"वतून टाकलं. विष व्हतं ते, बाय."

डॉक्टर रागावल्या नाहीत. काय हाती लागतं ते बघू, म्हणाल्या. गाठीचा तुकडा मेणात बसवून, त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढून रंगवायचे होते. दोन दिवसांनी त्यांनी केसरला बोलावलं आणि सूक्ष्मदर्शकासमोर बसवलं. केसरला गुलाबी-जांभळा पसारा दिसला, आणि त्यात जिकडेतिकडे भोकं.

"या पेशी. बर्फ झाला तेव्हा आतल्या पाण्याचे काटे झाले आणि त्यांनी पेशी फाडल्या. त्या औषधाने त्या जशाच्या तशा टिकून राहतात, सडत नाहीत. खायच्या मासळीला ते विषच. पण तपासायच्या तुकड्याला तेच लागतं. यातून मला काहीच सांगता येणार नाही."

केसरला ते लगेच पटलं. गोठून मग वितळलेल्या बोंबलाचा कसा लगदा होतो, ते तिने आयुष्यभर पाहिलं होतं. तिला तेव्हा हे का सुचलं नाही? करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

"नमुना खराब होता एवढंच लिहिते," डॉक्टर म्हणाल्या. "कोणामुळे, ते लिहायची गरज नाही."

परतीच्या गाडीत केसरने तीन-चार थापा जुळवून पाहिल्या. सगळ्यांत दोष नर्सवर ढकलता येत होता. पण हरेश्वर दुसऱ्यांदा मान पुढे करणार नव्हता, आणि आजार कळला नाही तर औषध कसलं द्यायचं? तिला भयंकर भीती वाटत होती. घरी आल्यावर तिने उभ्याउभ्याच सांगून टाकलं.

"अवो, माझी चूक झाली. औषध मी वतलं. गाठ माझ्यामुलं फुकट गेली."

हरेश्वरने तिचं तोंड निरखलं. मग हसला.

"पुन्हा म्हन."

"चुकले मी."

"मंग चल. हे आयकाया मिळालं, त्यापायी मान पुन्हा कापून घेतो."

शेजारची दुसरी गाठ निघाली. या खेपेला केसरने बाटलीचं झाकण आवळून वर चिकटपट्टी गुंडाळली आणि वास सोसत अलिबाग गाठलं. रिपोर्ट येईपर्यंत हरेश्वर भलताच कामाला लागला. त्याने गळकी कौलं बदलली. पुतण्याला, विनेशला, होडीतून नेऊन कुठल्या खडकापाशी कुठलं जाळं टाकायचं ते दाखवलं. केसरला वाटलं, आपण माफी मागितली म्हणून स्वारी खुशीत आहे.

रिपोर्ट घ्यायला दोघं गेली. डॉक्टर अमिषांनी फार ताणलं नाही. "टीबी आहे. जंतू स्पष्ट दिसले. काही महिने गोळ्या नेमाने घ्यायच्या, बरे व्हाल."

केसरने हात जोडले. हरेश्वर मात्र बाकावर मटकन बसला.

"म्हंजे ते औषध तू खरंच वतलं व्हतंस?"

"मंग? सांगितलं न्हवतं का मी?"

"मला वाटलं, यांनी तुला कॅन्सर सांगितला. माझ्यापून लपवाया तू चूक केल्याचं सोंग घेतलंस." त्याने डोळे पुसले. "तू कवा चुकतस गो? मी म्हनलं, दुसऱ्या गाठीत तरी बरं निघंल या आशेनं एवढं खोटं बोलते बिचारी, तर तिच्या समाधानापायी घेऊ पुन्हा कापून."

 प्रत्येकाला तोंडावर उत्तर देणारी केसर त्याच्याजवळ बसली, त्याचा हात घट्ट धरला आणि डॉक्टरांसमोरच ढसाढसा रडली.