डावखुरी कात्री

"अगं, दोन्ही हात तुझेच ना? मग एकाचं काम दुसऱ्याला सांगायला काय होतं?" चहा ढवळत नवरा म्हणाला.

मी कात्री पुसत होते. "उद्या तुम्ही डाव्या हातानं दाढी करा. मग बोलू."

आमचा कपड्यांचा कारखाना बंद पडला. मी तिथे कटर होते. कापडाचे थर रचायचे, खडूची रेघ मारायची आणि रेघेवरून कात्री चालवायची. मी डावखुरी, तशी माझी कात्रीही डावखुरी. एका धारवाल्याशी भांडून तिची पाती उलटी बसवून घेतलेली. आता ही घरी बसणार म्हणून ज्यांचे जीव हळहळत होते, त्यांची पंचाईतच झाली. मला तीन ठिकाणांहून बोलावणं आलं.

पहिली मोठी कंपनी. लांबच लांब टेबल, सगळ्या कापणाऱ्या खांद्याला खांदा लावून उभ्या. मी कात्री उचलली आणि माझं कोपर थेट शेजारणीच्या बरगडीत गेलं. "आई गं!" ती कळवळली. साहेब हसले. म्हणाले, "थोडे दिवस उजव्यानं कापा, हात बसेल. पगार दुप्पट देतो."

दुसरी नोकरी नणंदेच्या नवऱ्याच्या ओळखीनं आलेली, देखरेखीची. खुर्ची, डोक्यावर पंखा, कात्रीला हातसुद्धा लावायचा नाही. बसल्या जागी मला गंज चढला असता.

तिसरं गल्लीच्या टोकाचं शिवणघर. दवाखान्याचे गणवेश शिवतात. मालकीणबाईंनी माझ्या हाताकडे पाहिलं आणि विचारलं, "टेबल कसं लावू? उजेड कुठल्या बाजूनं हवा?"

उभ्या आयुष्यात मला हे कुणी विचारलं नव्हतं.

"उजवीकडून," मी म्हटलं. "म्हणजे हाताची सावली रेघेवर येत नाही."

पगार मात्र होता त्याहूनही कमी. आणि मी तिथेच हो म्हणून आले होते. म्हणून तर घरात हे रामायण चाललं होतं.

"दुप्पट पगार लाथाडतेय," आई कोपऱ्यातून म्हणाली. "लहानपणीच मोडायला हवी होती ही खोड."

लहानपणी जेवताना आई माझा डावा हात परकराच्या नाडीनं पाठीमागे बांधायची. मी भरल्या ताटासमोर उपाशी बसायचे, पण उजव्या हातानं घास उचलायचे नाही.

"बांधून पाहिलास की," मी म्हटलं. "काय झालं?"

"तुझ्या भल्यासाठीच बांधत होते. लोक नावं ठेवायचे."

"त्याच लोकांनी मी कापलेले कपडे घातलेत, आई. एकाची तरी बाही उलटी आली?"

नवऱ्यानं कप खाली ठेवला. "अगं पण घर कसं चालायचं?"

"ओढाताण होईल. होऊ दे! मी काय हातावर हात ठेवून बसणार आहे? पण दिवसभर माझ्याच हाताला गप्प बस म्हणायला मी जाणार नाही. लहानपणी नाही ऐकलं, आता कशाला ऐकू?"

सकाळी निघताना कात्री जागेवर नव्हती. माझा पारा चढला. नवऱ्यावर खेकसणार तेवढ्यात आई दारात येऊन उभी राहिली. कात्री तिच्याकडे होती, जुन्या फडक्यात गुंडाळून वर नाडीनं बांधलेली.

"हात पुढे कर," ती म्हणाली.

मी डावा केला. तिच्या कपाळावर नेहमीची आठी पडली.

"उजवा."

मी हात तसाच ठेवला. नवरा चप्पल घालता घालता थांबला. आई बराच वेळ त्या हाताकडे बघत राहिली. मग तिनं कात्री त्याच हातावर ठेवली.

"गाठ सैल मारलीय," ती म्हणाली. "एका हातानं सुटेल."