तिला पांढरंच आवडतं

भांडारप्रमुखांनी ताट पुढे सरकवलं, रुमालाने मिशा पुसल्या आणि तेवढ्यात मुकादमबाईंचा हात गेला. अगदी सहज गेला. त्यांनी ते ताट स्वतःकडे ओढलं, त्यातला अर्धवट चावलेला पाव उचलला, तळाशी राहिलेला रस्सा त्याने निपटून घेतला आणि घास तोंडात घातला.

"अहो बाई," भांडारप्रमुख म्हणाले, "ते माझं ताट आहे."

कुणीतरी फिसकन हसलं. समोरच्या तरुण डॉक्टरीणबाईंनी चमचा खाली ठेवला आणि त्या खिडकीबाहेर बघायला लागल्या. रुग्णालयाच्या धुलाईखान्यात नवी यंत्रं आली होती, त्यानिमित्ताने हे जेवण होतं. आणि धुलाईखान्याच्या मुकादम म्हणून बाईंना वरच्या मजल्यावर, साहेब लोकांच्या शेजारी, पहिल्यांदाच खुर्ची मिळाली होती. त्या खुर्चीत बसून त्यांनी हे दिवे लावले.

घास तोंडातच होता. गिळावा तर तो दुसऱ्याच्या तोंडचा, थुंकावा तर कुठे? नेमके तेव्हाच अधीक्षक चार शब्द बोलायला उभे राहिले आणि ते चार शब्द काही संपेनात. बाईंनी घास गालात धरून ठेवला. पाव भिजून मऊ होत गेला, त्याला भांडारप्रमुखांच्या तंबाखूचा वास येऊ लागला, आणि अधीक्षक सांगत होते की स्वच्छता ही सवय आहे, ती लहानपणापासून अंगी मुरावी लागते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनीही वाजवल्या, तोंड घट्ट मिटून.

मग त्या जिना उतरून खाली आल्या आणि मळक्या बाजूच्या मोरीत थुंकल्या. चूळ भरली, पुन्हा भरली, जिभेवर बोट घासलं. तरी वास जाईना.

धुलाईखान्याला दोन बाजू होत्या. वॉर्डातून आलेलं सगळं मळक्या बाजूने आत यायचं आणि धुऊन-वाळून निघालेलं दुसऱ्या दाराने बाहेर जायचं. मळक्या कपड्यांना हात लावलेल्या माणसाने हातपाय धुऊन, अंगावरचं बदलल्याशिवाय धुतल्या बाजूला पाऊल टाकायचं नाही, हा बाईंचा कायदा. घाईघाईत शिरलेल्या मोठ्या सिस्टरलाही त्यांनी एकदा दारातून मागे फिरवलं होतं. रक्त, पू, ओकारी, बाळंतिणींच्या चादरी, मेलेल्या माणसाखालचं अंथरूण, सगळं त्यांच्या हाताखालून गेलं होतं आणि त्यांनी कधी नाक मुरडलं नव्हतं. घाणीला तिच्या जागेवर ठेवलं की ती मुकाट राहते, असं त्या म्हणायच्या. आज मात्र किळस आतूनच वर येत होती, आणि ती कुठल्या दाराने बाहेर काढायची ते त्यांना समजत नव्हतं.

"काय हो, वरचं जेवण मानवलं नाही वाटतं?" इस्त्रीवालीने विचारलं. बाईंच्या हाताखालीच तिचे केस पांढरे झाले होते, त्यामुळे ती तोंडाची मोकळी होती.

"भांडारवाल्याचं उष्टं खाल्लं मी."

"ई! त्या मिशाळाचं? कशापायी?"

"उरलेलं दिसलं. हात गेला."

इस्त्रीवाली आधी पोट धरून हसली. मग तिचं हसू ओसरलं. "तसं घरी मीपण तेच करते म्हणा," ती म्हणाली. "नातवंडं चिवडून ठेवतात, मला टाकवत नाही. आपण म्हणजे घरातली खरकट्याची बादली झालो बघा."

बाई चादरींच्या ढिगापाशी जाऊन उभ्या राहिल्या.

माहेरी त्यांना सगळे गुणाची पोर म्हणायचे. ही पदवी काही फुकट मिळत नाही. आई सगळ्यांचं वाढून झाल्यावर भाताचं भांडं त्यांच्यापुढे ओढायची, तळाची करपलेली खरवड उलथन्याने काढून द्यायची आणि आल्यागेल्याला सांगायची, "हिला खरवडच आवडते." भावाला अंड्यातलं पिवळं हवं असायचं, म्हणून हिला पांढरंच आवडायचं. मोठ्या बहिणीचे उतरलेले कपडे आवडायचे, झोपायला दाराजवळची जागा आवडायची, सगळ्यांच्या मागून, पाणी निवल्यावर न्हायला आवडायचं. इतक्या जणांनी इतक्या वेळा सांगितल्यावर कुणाचीही खात्री पटेल. त्यांचीही पटली. सासरी तर कुणी काही म्हणायच्या आतच त्या स्वतः सांगायला लागल्या, "मला खरवडच आवडते हं." सासरच्यांनी तोंडभर कौतुक केलं. कौतुकाची चटक फार वाईट; ती लागली की माणूस करपलेला भातसुद्धा मिटक्या मारत खातो. नवरा होता तोवर त्याचं ताट पुसलं, मग मुलाचं. आता परक्या पुरुषाचं.

आपल्याला खरोखर काय आवडतं, ते बाईंनी आठवून पाहिलं. नीट, पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं. एक पदार्थ आठवेना. जे आठवत होतं त्यावर कुणाचे तरी दात लागलेले होते. त्यांना स्वतःच्या हाताची, तोंडाची आणि त्या गुणाच्या पोरीची शिसारी आली.

संध्याकाळी घरी सगळे एकत्रच जेवायला बसले. मुलगा, सून, चार वर्षांचा नातू आणि सात वर्षांची नात. नातवाला लाडाने सोन्या म्हणायचे. नातीलाही एक चांगलं नाव होतं, पण सोन्या जन्मल्यापासून तिला घरात सगळे ताईच म्हणत होते, बापसुद्धा. सोन्याने उकडलेल्या अंड्यातलं पिवळं कोरून कोरून खाल्लं, पांढरं थोडं चघळलं, लाळेसकट ताटात परत टाकलं आणि ताट ढकलून दिलं.

"ताई, घे गं ते तू," सून म्हणाली. "तिला पांढरंच आवडतं."

बाईंचा घास हातातच राहिला. त्यांच्या माहेरच्या गोष्टी या घरात कुणालाही ठाऊक नव्हत्या. सून हे वाक्य तिच्या स्वतःच्या माहेरून घेऊन आली होती. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात, ते काही उगीच नाही.

"तिला आवडतं म्हणून कुणी सांगितलं?" बाईंनी विचारलं.

"अहो आई, नेहमी खाते ना ती. न सांगता खाते."

"खाते म्हणजे आवडतं?"

"आई, जेवताना कशाला सुरू करतेस," मुलगा म्हणाला. "एवढंसं अंडं ते."

"एवढंसं आहे ना? मग तू खा. घे. तुझ्याच लेकाने चघळलंय."

मुलाने त्या बुळबुळीत तुकड्याकडे पाहिलं. "शी! मी कशाला खाऊ?"

"बघ. तुला शी, आणि तिला आवडतं."

"तुला झालंय तरी काय आज? तू अशी नव्हतीस."

"मग कशी होते रे मी?"

मुलगा गोंधळला. त्याने बायकोकडे पाहिलं. "समजूतदार होतीस," तो म्हणाला, आणि त्याच्या दृष्टीने ही स्तुतीच होती.

तोवर ताईने ते पांढरं उचलून तोंडात कोंबलं होतं. भांडण आपल्यावरून चाललंय, तर आपणच ते संपवावं, असं तिने ठरवलं असावं. चावायचं धाडस मात्र तिला होईना. गाल फुगले होते, डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि गळ्याशी उमासा आला की ती ओठ आणखी दाबून धरत होती.

बाई उठल्या. तिच्याजवळ जाऊन जमिनीवर टेकल्या आणि त्यांनी आपला तळहात तिच्या हनुवटीखाली धरला.

"थुंक."

पोरीने मान हलवली.

"आजीच्या हातावर थुंक बाळा. मला घाण नाही वाटत. कुणी रागावणार नाही, मी आहे इथे."

"आई, काय शिकवताय तिला!" सून म्हणाली.

बाईंनी मागे वळूनही पाहिलं नाही. त्यांना एवढंच हवं होतं, या पोरीने एकदा, एकदाच, नको म्हणावं. बाकी सगळं पुढचं पुढे. "थुंक गं सोनुले," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज अजिजीचा झाला. "आवडत नाही ना? मग थुंक."

ताईने त्यांच्या तळहाताकडे पाहिलं. क्षणभर तिचे ओठ सैल झाले. मग तिने आईकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं, सोन्याकडे पाहिलं. डोळे मिटले. तिच्या बारक्या गळ्यातून तो तुकडा खाली जाताना बाईंना दिसला.

तिने तोंड मोठं उघडलं, जीभ बाहेर काढली, आणि सगळ्यांना दिसावं म्हणून मान इकडून तिकडे फिरवली. आत काही उरलं नव्हतं.

"शहाणी गं माझी ताई ती!" सून म्हणाली. मुलाने सुटकेचा श्वास टाकला आणि पाण्याचा पेला उचलला. सोन्याने टाळ्या पिटल्या.

पोर हसली. डोळ्यांतलं पाणी तिने खांद्याला पुसलं. बाईंचा हात तिच्या हनुवटीखाली तसाच होता. तिने तो आपल्या दोन्ही हातांत धरला, हळूच खाली ठेवला आणि मोठ्या माणसासारखी समजूत घालत म्हणाली, "आजी, तू जेव ना आता. तुझं गार होतंय."