काळी चार मोकळी करा!

मी पेटी बोलतेय. कपड्यांची नव्हे, सुरांची! आत्ता नगरच्या एका स्टुडिओत सतरंजीवर बसलेय. अंगाला ऑइलपेंटचा वास येतोय आणि आतला एकेक सूर उड्या मारतोय.

पुण्याच्या एका कारागिरानं मला सागवानात घडवलं. देवळाली प्रवराच्या सोपानतात्यांनी तरुणपणी मला घरी आणलं. तेव्हापासून मी त्यांच्या गायन पार्टीत. भीमजयंती असो, बारसं असो, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पोत्यांवर बसून मी गावोगाव फिरले. तात्या नेहमी माझ्या पांढरी एक या पट्टीवर षड्ज, म्हणजे सा, धरायचे. पुरुषांना तो सूर सोयीचा. मागं बसलेल्या बायका मात्र त्याच खालच्या सुरात गळा दाबून गायच्या. त्यांना कुणी कधी विचारलंच नाही.

मग तात्यांची पुतणी जयमाला कॉलेजात गेली, तिथं गाण्याबरोबर पेटीही शिकली. यंदाच्या जयंतीला पार्टीची पहिली कॅसेट काढायचं ठरलं, तेव्हा तिनं सांगून टाकलं, "मुख्य गाणं मी गाणार. आणि काळी चारमध्ये गाणार." काळी चार म्हणजे माझी चौथी काळी पट्टी, बायकांच्या गळ्याला सोयीचा वरचा सूर.

तात्या म्हणाले, "पांढरी एक काय वंगाळ हाय का? आमी जल्मभर तितंच गायलो."

"म्हणूनच म्हणते तात्या, आता जरा हला तिथनं!"

मग काय तयारी सुरू झाली! चिंचा बंद, थंड पाणी बंद, रोज मिठाच्या गुळण्या. आदल्या दिवशी तर तिनं गळ्याला मफलर गुंडाळून मौनच धरलं. तिची आई गीताबाई, पार्टीत मागं बसणाऱ्या बायकांतलीच एक, म्हणाली, "पोरगी गप हाय. घरात कुनी आजारी असल्यागत वाटतंय."

माझीही तयारी तिनंच केली. भात्याच्या चिरांवर कापड चिकटवलं, बिजागऱ्यांना तेल दिलं. कार्यक्रमात माझी कुरकुर टाळ्यांत बुडून जाते, पण माईक सगळं ऐकतो म्हणे. मला तर नववधूसारखं वाटत होतं.

आणि संध्याकाळी ती गावात गेल्यावर तात्यांनी काय करावं? रंगाचा डबा आणून मला निळीगर्द रंगवलं, वर पांढऱ्या अक्षरांत पार्टीचं नाव काढलं!

गीताबाई म्हणाली, "भावजी, कॅसेटात पेटी दिसती व्हय?"

"दिसू दे नायतर न दिसू दे. आपली पेटी नगरला चाललीय!"

फेब्रुवारीची थंडी. रंग वाळलाच नाही. उलट, रात्रीतून ओघळून काळ्या पट्ट्यांच्या फटीत शिरला.

आज सकाळी मला बघून जयमालानं कपाळाला हात लावला, पण मौन मोडलं नाही. स्टुडिओत तिनं हातातल्या बांगड्या काढून ठेवल्या, घड्याळ काढलं. मौन संपवून पहिला सूर घ्यायला तिनं काळी चार दाबली. पट्टी खाली गेली ती तिथंच चिकटली. तात्यांचा हात भात्यावर होता, त्यामुळे मी एकसारखी ओरडत राहिले.

रेकॉर्डिंग करणारा वरद काचेपलीकडून आत आला. "ही पेटी राहू द्या. कॅसिओवर घेऊ या."

"नको, नको!" तात्या घाईघाईनं म्हणाले. "पांढरी एक मोकळी हाय. तितनंच गा, पोरी."

जयमाला भडकली. "खालच्या सुरात माझा आवाज जमिनीवर सरपटतो, तात्या! जन्मभर आईनं तेच केलं. मी नाही करणार." मग वरदकडे वळून म्हणाली, "टेप कापायचं ब्लेड असेल ना तुमच्याकडे? आणि एक पेचकस द्या."

तिनं माझी वरची फळी उघडली. एकेका काळ्या पट्टीच्या कडेनं ब्लेड फिरवत निळा रंग खरवडला. मला गुदगुल्या होत होत्या, पण मी श्वाससुद्धा घेतला नाही. काळी चार खाली गेली आणि टुणकन वर आली.

"आता वाजवा, तात्या."

तात्यांचा हात माझ्यापर्यंत आला आणि थांबला. मला माहीत होतं. त्यांची बोटं मी ओळखते.

"जयू," ते हळूच म्हणाले, "मला काळी चारमधनं वाजवता येत न्हाई गं. पांढऱ्यावरच शिकलोय. पार्टीपुढं कसं सांगायचं?"

आता ही त्यांना फाडून खाणार, असं मला वाटलं. तिनं तोंड उघडलंही. पण मिटलं.

"आधी सांगायचंत ना! या, असे इकडं सरका. पट्ट्या मी दाबते, भाता तुम्ही मारा. आणि मध्येच हवा तोडायची नाही, सांगून ठेवते!"

"तोडीन व्हय? तुज्या जल्माआधीपासनं मारतोय!"

तेव्हा, मंडळी, आता माझी रजा. तुमच्या घरी अशी एखादी पेटी असेल, तर तिला फक्त एकाच सुराला बांधून ठेवू नका, आणि रंग तर मुळीच देऊ नका. वरद काचेमागून बोट वर करतोय. तात्यांनी भाता ओढलाय, माझ्या छातीत त्यांची हवा भरलीय. काळी चारवर जयमालाचं बोट टेकतंय...